हळू आवाजाचं काम

कापूस फुटून शेत पांढरं झालं होतं, वर आभाळ भरून आलं होतं, आणि नेमका त्याच आठवड्यात तालुक्याहून, सौंसरहून, कागद आला.

कागद हिंदीत होता. नागपूरचं राज्य जाऊन भोपाळचं झालं त्याला दोन वर्षं झाली होती, तेव्हापासून सगळेच कागद हिंदीत येत. प्रभाकर गुरुजींनी तो ओसरीत उभं राहून दोनदा वाचला, मग चष्मा काढून डोळे चोळले.

"मनकर्णाबाई, तुम्हाला जावं लागते," ते म्हणाले.

मनकर्णा शाळेचा रांजण भरत होती. घागर खाली ठेवून तिनं पदराला हात पुसले. "कुठं गुरुजी?"

"सौंसरले. तीन दिवस. पोरांचे कान कसे तपासायचे ते डॉक्टर शिकवणार आहे."

"मी? मास्तर लोकायले बोलावलं असन."

"'शाला का एक कर्मचारी' असं लिहिलं आहे. कर्मचारी म्हणजे काम करणारा. तुम्ही करता की नाही काम?" गुरुजी हसले, पण त्यांचा चेहरा उतरलेला होता. त्याच तीन दिवसांत छिंदवाड्याला त्यांची हिंदीची परीक्षा होती. पन्नाशीला आलेला माणूस, सगळं शिकणं-शिकवणं मराठीत झालेलं. सरावासाठी म्हणून ते हल्ली वर्गातसुद्धा हिंदीतच बोलत आणि पोरं त्यांच्याकडे टकमक पाहत बसत.

आंबेझरीची शाळा म्हणजे कवेलूच्या छपराची एक लांब खोली, पुढे ओसरी, एक मास्तर आणि एक मनकर्णा. रांजण भरणं, झाडझूड ही कामं होतीच, पण तिचं खरं काम मुली बोलावून आणायचं. सकाळी वेशीपासून निघायचं आणि घरोघर हाका मारत मुलींची रांग करून शाळेत आणायची. स्वातंत्र्य आलं त्या वर्षी ती या कामाला लागली. तेव्हा शाळेत मुली होत्या तीन, आता अठरा. कोणाची आई म्हणे, लेकरू सांभाळायचं आहे. कोणाचा बाप म्हणे, कापसाला हात कमी आहेत. मनकर्णा दारातून हलत नसे. तिची हाक विहिरीवरून निघाली की नाल्यापलीकडच्या मळ्यात ऐकू जाई. ती स्वतः तिसरी शिकलेली होती. तिची लेक गुणवंता मात्र शाळेत पहिली होती आणि पुढच्या पावसाळ्यात सौंसरच्या मोठ्या शाळेत जाणार होती.

घरी रामाजीनं, तिच्या नवऱ्यानं, कागदाचं ऐकलं आणि वर पाहिलं. "आभाळ पाहून राहिली ना तू? पाणी आलं तं कापूस झाडावरच काया पडन. अन् तू चालली कान पाह्याले."

"पहाटे दोन ओळी वेचून जाईन, आल्यावर दोन वेचीन."

"दोन कोस जाणं, दोन कोस येणं, अन् वरून चार ओळी?"

"गुणवंता हाय, मामीजी हायेत."

सासू, शकुबाई, चुलीपाशी बसली होती. "जाऊ दे तिले," ती म्हणाली. "सरकारी काम हाय. नाही गेली तं दुसरीले ठेवतीन."

*

सौंसरच्या शाळेत दाराशीच एका कारकुनानं तिला अडवलं. "मास्टर किधर है? आया को किसने भेजा?"

मनकर्णानं गुरुजींची चिठ्ठी पुढे केली. त्यानं ती वाचली, नाक मुरडलं आणि मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. बाकांवर सोळा मास्तर बसले होते. तिच्यासाठी बाक नव्हता. ती भिंतीला टेकून खाली पोत्यावर बसली. पहाटे वेचलेल्या कापसाच्या बोंडांनी बोटं ओरखडली होती, ती तिनं पदराखाली घेतली.

मिश्रा डॉक्टर म्हातारे होते, बारीक, बंद गळ्याचा कोट घातलेले. त्यांनी कानाचं मोठं चित्र भिंतीला लावलं. मास्तर लोकांनी ते वहीत उतरवून घेतलं. मनकर्णानं नुसतं पाहून घेतलं. बाहेरचा कान, मग बोगदा, मग पातळ पडदा. पडदा फाटला की कान वाहतो, आणि वाहत राहिला की ऐकणं कमी होत जातं. लवकर पाहिलं तर वाचतं. एवढं तिला कळलं.

मग तपासायची रीत. मुलाला भिंतीकडे तोंड करून उभं करायचं. एक कान बोटानं बंद करायचा. दहा हात दूर जाऊन कुजबुजत्या आवाजात पाच शब्द बोलायचे आणि मुलानं ते परत म्हणायचे. मग दुसरा कान. ऐकू आलं नाही तर नावापुढे फुली.

एकेका मास्तरानं करून दाखवलं. शेवटी डॉक्टर म्हणाले, "बाई, आप आइए."

भिंतीकडे तोंड करून एक तरुण मास्तर उभा होता. मनकर्णानं दहा हात मोजले, श्वास घेतला आणि ती म्हणाली, "बैल."

वरच्या लाकडावरचं कबुतर फडफडलं. सगळा वर्ग हसला. भिंतीशी उभा असलेला मास्तर वळून म्हणाला, "बाई, पांढुर्ण्यापर्यंत आयकू गेलं!"

तिनं पुन्हा केलं. पुन्हा हसले. तिच्या गळ्याला हळू बोलणं ठाऊकच नव्हतं. अकरा वर्षं त्या गळ्याला गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आवाज फेकायचीच सवय झालेली. तिचे कान तापले. डॉक्टर मात्र हसले नाहीत. ते जवळ आले. "आवाज नहीं, बाई. साँस. पहले पूरी साँस छोड़ दो. जो बचे, उसी में बोलो."

परत येताना दोन कोस वाटभर तिनं तेच केलं. श्वास सोडायचा आणि उरलेल्यात बोलायचं. बाभळीला म्हणाली, बांधाला म्हणाली. समोरून कापसाची गाडी आली तेव्हा गप्प झाली आणि गाडी गेल्यावर पुन्हा सुरू. शेतात पोचेपर्यंत गळ्यातून नुसती हवा येऊ लागली होती. दिवस मावळेपर्यंत दोन ओळी वेचून झाल्या. पाऊस त्या दिवशी आला नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं पाचही शब्द हवेसारखे सोडले आणि कोणी हसलं नाही. मग डॉक्टरांनी छापलेली यादी वाटली. सड़क, चिड़िया, चम्मच, असे शब्द. गुरुजींचं ऐकून ऐकून मनकर्णाला ते कळत होते. तिनं यादी पुन्हा वरून खाली वाचली आणि ती उभी राहिली.

"डॉक्टरसाहेब, हे शब्द आमच्या लेकरायले चालणार नाहीत."

पुढच्या बाकावरच्या मास्तरानं मागे वळून खूण केली, बसा म्हणून. ती बसली नाही.

"पहिलीतल्या पोरीले 'चिड़िया' म्हणलं तं ती चूप राहीन. कान चांगला असला तरी चूप राहीन. अन् आपण फुली मारू."

डॉक्टरांना मराठी समजत होती. त्यांनी शेजारच्या वर्गातून पहिलीची एक मुलगी बोलावली, भिंतीकडे तोंड करून उभी केली आणि स्वतः यादी वाचली. मुलगी एकाही शब्दाला बोलली नाही, नुसती परकराची कड चोळत राहिली.

"अब आप," डॉक्टर म्हणाले.

मनकर्णानं श्वास सोडला. "पाखरू."

"पाखरू," मुलगी म्हणाली.

"भाकर." "भाकर." "विहीर." "विहीर." "संत्र." "संत्र." "बैल." "बैल," म्हणून मुलगी वळली आणि दात पडलेलं हसली.

डॉक्टरांनी यादीवर आडवी रेघ मारली, खिशातलं पेन उघडलं. "बोलिए बाई. मैं लिखता हूँ."

त्या दुपारी कारकुनानं मनकर्णासाठी आतून एक स्टूल आणून ठेवलं. ती त्यावर बसली. पोत्यावरच बरं होतं, पण ती बसली.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी शेवटची गोष्ट सांगितली. मंद दिसणाऱ्या मुलाकडे सगळेच पाहतात, ते म्हणाले, पण हुशार मुलापासून सावध राहा. "जो बच्चा होंठ पढ़ लेता है, वो सबको धोखा देता है. अपने आप को भी." म्हणून तोंड कधी दिसू द्यायचं नाही. पाटी धरायची, किंवा मागून बोलायचं.

मनकर्णा हे ऐकत होती आणि तिला लेकीचा चेहरा दिसत होता. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून पाहणारी गुणवंता. लहानपणी गोवर आला तेव्हा तिचे कान वाहिले होते. मग दर पावसाळ्यात वाहत. शकुबाई लसूण टाकून कढवलेलं तेल सोडायची, वर कापसाचा बोळा. गावात कोणाच्या लेकराचा कान वाहत नाही? पण ती पोरगी शाळेत पहिली होती. बहिरी पोर पहिली कशी येईल?

*

ती थेट शेतात गेली. गुणवंता ओटी बांधून ओळीत पुढे होती, पाठमोरी. दोन्ही हात भराभर चालत होते. तिच्यापलीकडे, आणखी दूर, शकुबाई वाकून वेचत होती. रामाजी गाठोडं घेऊन घराकडे गेला होता.

मनकर्णा दहा हातांवर थांबली. श्वास सोडला. "गुणवंता."

लेकीचे हात थांबले नाहीत. वारा असेल, असं तिनं मनाला सांगितलं. पण वारा पडलेला होता. ढगाळ, कोंदट हवेत पऱ्हाटीचं पानसुद्धा हलत नव्हतं.

"गुणवंता," तिनं थोडं मोठ्यानं म्हटलं. मग त्याहून मोठ्यानं, चार माणसांत बोलतो तसं. "गुणवंता, इकडे पाह."

पलीकडून शकुबाई सरळ झाली. "काय म्हणते वो? कोणाले बोलून राहिली?"

म्हातारीनं ऐकलं होतं. गुणवंतानं नाही. तिनं बोंडातला कापूस ओढला, ओटीत टाकला आणि पुढच्या झाडाला हात घातला.

मनकर्णाला एकदम उमगलं. घरात आपण कधी हळू बोललोच नाही. ही रांगत होती तेव्हापासून हिच्या कानावर आपला गल्लीतला आवाज पडला. आपल्या घरात कोणाला कळणार होतं?

मग तिनं नेहमीची हाक मारली. "गुणवंतेऽऽ!" लेक लगेच वळली, हसली. "आली माय? आज लवकर आली."

मनकर्णा तिच्याजवळ गेली, तिला बांधावर बसवलं, पाठीमागे जाऊन एक कान बोटानं दाबला आणि शब्द बोलली. मग दुसरा कान. उजव्या कानानं जवळून दोन शब्द आले. डाव्यानं एकही नाही. गुणवंता मान वळवून आईचं तोंड पाहायला बघत होती.

"पाहू नको."

"मंग कसं आयकू येईन?" गुणवंता म्हणाली. "पाहिल्याशिवाय कसं आयकू येते?"

मनकर्णानं तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं. बारा वर्षांची पोर. तिला वाटत होतं, सगळं जग असंच ऐकतं.

संध्याकाळी अंगणात रामाजीला तिनं सांगितलं. तो बैलांना कडबा टाकत होता. त्यानं पेंढी तशीच हातात धरली.

"कोणाले सांगतलं?"

"कोणाले नाही. उद्या शाळेत सगळ्यायचे कान पाह्याचे हायेत. वहीत लिहावं लागन."

"सगळ्यायचे लिही. हिचं नको लिहू."

"नाही लिहिलं तं डॉक्टर पाहणार नाही. वहीत नाव हाय त्यायलेच सौंसरले बोलावणार हायेत."

"अन् लिहिलं तं गावभर होईन. मोठ्या शाळेत घेतीन का बहिऱ्या पोरीले? उद्या कोणी सोयरीक करन का?" त्याचा आवाज चढला आणि मग एकदम खाली आला. गुणवंता ओसरीतून त्याच्या तोंडाकडे पाहत होती. रामाजीनं तिच्याकडे पाठ केली आणि कडबा टाकत राहिला.

पाठ केली की तिला ऐकू जात नाही, हे त्यालाही आत्ताच कळलं होतं. मनकर्णाला ते पाहवलं नाही.

*

शाळेत पहिल्या दिवशी सातच मुलं तपासून झाली, त्या सगळ्यांचे कान चांगले निघाले. दुसऱ्या दिवशी आया जमल्या. कान पाहतात आणि बहिरा म्हणून सरकारात नाव लिहितात, अशी गावात बोंब झाली होती. ओसरीच्या पायरीखाली बाया उभ्या होत्या आणि सगळ्यांपुढे विजयमाला, पुंडलिकराव पाटलांची सून. त्यांचा संत्र्याचा मळा होता आणि शाळेची जागाही त्यांनीच दिलेली. विजयमालाची धाकटी वंदना दुसरीत होती. गुरुजी तिला मठ्ठ म्हणत. विचारलेल्या कशालाही ती उत्तर देत नसे.

"माह्या वंदनेचं नाव लिहायचं नाही," विजयमाला म्हणाली. "तुह्या हातात वही आली म्हणून आमच्या लेकरायले बहिरं करतं का? आपली पोट्टी पयले उभी कर. मंग आमच्या पोरी माग."

गुरुजी परीक्षा देऊन कालच परतले होते. ते हळूच मनकर्णाला म्हणाले, "राहू द्या बाई. ज्यांची झाली त्यांची झाली."

मनकर्णाच्या हातात पाटी होती, तोंडापुढे धरायची. तिनं ती खाली ठेवली. वर्गात पहिल्या रांगेत गुणवंता बसली होती, दाराच्या समोरच; तिथून आईचं तोंड बाजूनं दिसत होतं.

"उभी केली," मनकर्णा म्हणाली. "परवा शेतात उभी केली. डाव्या कानानं काहीच आयकू येत नाही. उजव्यानं थोडं. मले बारा वर्षं समजलं नाही. आई असून समजलं नाही."

मागच्या दोघी-तिघी पायरीजवळ सरकल्या.

"गुरुजी, लिहा. पहिलं नाव."

गुरुजींनी टाक उचलला, दौतीत बुडवला, आणि तो तसाच धरून राहिले. "बाई, मोठ्या शाळेच्या फॉर्मात हे दाखवावं लागन. विचार करा. माझ्यानं नाही लिहवत."

मनकर्णानं त्यांच्या हातातून टाक घेतला. तिसरीच्या अक्षरात, एकेक काना देत, तिनं लेकीचं पूर्ण नाव लिहिलं. पुढे दोन फुल्या मारल्या. शाई जरा जास्त सांडली.

वर पाहिलं तेव्हा गुणवंता उभी राहिली होती. तिनं सगळं वाचलं होतं, आईच्या ओठांवरून, वर्गाच्या आतून. तिचा चेहरा लाल झाला होता. दप्तर तिथेच टाकून ती पायरीखालच्या बायांमधून वाट काढत निघून गेली. एकीनं तिला जागा देताना तिच्या कानांकडे पाहिलं, आणि मनकर्णाला ते दिसलं.

तिला लेकीमागे धावायचं होतं. ती धावली नाही. तिनं पाटी उचलली आणि विचारलं, "कोण येते पुढं?"

कोणीच आलं नाही. मग विजयमालानं वंदनेचा दंड धरला आणि तिला भिंतीशी नेऊन उभं केलं.

मनकर्णानं श्वास सोडला. "पाखरू." "पाखरू," वंदना म्हणाली. पाचच्या पाच, दोन्ही कानांनी. मनकर्णा आणखी पाच हात मागे जाऊन बोलली, तेही आले.

"कान चांगले हायेत हिचे," ती विजयमालाला म्हणाली. मग गुरुजींकडे वळली. "गुरुजी, तुम्ही हिले काय विचारता, हिंदीत का मराठीत?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. "वंदना," ते मराठीत म्हणाले, "तुमच्या मळ्यात किती विहिरी आहेत?"

"दोन," वंदना म्हणाली. "अन् एक बुजली."

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत शाळेतलं एकही मूल तपासायचं राहिलं नाही. वहीत सहा नावं झाली.

*

घरी गुणवंता चार दिवस आईशी बोलली नाही. बोलणं टाळायला तिला मान वळवणं पुरेसं होतं. हाक आली की ती मुद्दाम दुसरीकडे पाही. शाळेतही गेली नाही. पहाटेपासून शेतात वेचत राही, दोन बायांएवढं. चौथ्या रात्री पाऊस आला, पण तोवर शेत बरंचसं मोकळं झालं होतं.

सौंसरला जायच्या दिवशी मनकर्णा पाच मुलं घेऊन वेशीवर उभी होती. गुणवंता आली नव्हती. रात्रीच्या पावसानं वाट चिखलाची झाली होती. एवढ्यात मागून चाकांचा आवाज आला. रामाजीनं गाडी जुंपली होती, खाली कडबा अंथरला होता. मागे शकुबाई बसली होती आणि तिनं गुणवंताला मनगटाशी घट्ट धरून ठेवलं होतं.

"बसा," रामाजी एवढंच म्हणाला.

वाटेत शकुबाई मनकर्णाला म्हणाली, "तेल मीच सोडत होती. डॉक्टरले मी सांगीन. तू नको सांगू."

आणि तिनं सांगितलं. डॉक्टरांपुढे उभी राहून, डोक्यावरचा पदर सावरत, किती वर्षं, कोणतं तेल, सगळं. डॉक्टर रागावले नाहीत. "गाँव-गाँव में डालते हैं, माई. अब मत डालना." त्यांनी कपाळावरच्या आरशानं उजेड पाडून गुणवंताचे कान पाहिले, पुसले, पुन्हा पाहिले. डावा पडदा सगळाच गेला होता, तो येणार नव्हता. उजव्याला लहान भोक होतं. कान कोरडा राहिला तर ते भरायची आशा होती. दिवसातून तीनदा काडीला स्वच्छ कापूस गुंडाळून कान पुसायचा, वर औषधाचे थेंब. पाणी जाऊ द्यायचं नाही, तेल तर नाहीच. चार महिने, एक दिवस न चुकता.

"जो बचा है, उसे बचाना है," ते म्हणाले. हे सांगताना ते मनकर्णाकडे नाही, गुणवंताकडे तोंड करून बोलले.

त्या दुपारी घरी आल्यावर मनकर्णानं सरकी काढलेला कापूस घेतला, काड्या केल्या, हात धुतले आणि उजेडात बसली. गुणवंता दाराशी उभी राहिली.

"काहून लिहिलं पहिलं?" तिनं विचारलं. चार दिवसांतलं तिचं पहिलं वाक्य. "शेवटी लिहिलं असतं. सगळ्यायच्या मागून. मी पहिली होती ना शायेत? आता सगळे कानाकडे पाहतात."

मनकर्णानं तोंड उजेडाकडे केलं. लेकीला नीट दिसेल असं. मोठ्यानं बोलायचं ती टाळत होती. ओठ तेवढे सावकाश हलत होते.

"तुले वाईट वाटन, मले माहीत होतं. अन् तरी लिहिलं. शेवटी लिहिलं असतं तं बाकीच्या बाया पोरी घेऊन घरी गेल्या असत्या. अन् मी तुले लपवलं असतं, तं तूही जन्मभर लपवत राहिली असती. मले एवढंच समजलं. चुकलं असन तं चुकलं."

गुणवंता तिच्या ओठांकडे पाहत राहिली. वाक्य संपल्यावरही पाहत राहिली. मग येऊन खाली बसली आणि उजवा कान वर करून आईच्या मांडीवर डोकं ठेवलं.

"दुखवू नको," ती म्हणाली.

चार महिने मनकर्णानं ते केलं. सकाळी मुली बोलवायला जाण्याआधी, दुपारी शाळेतून येऊन, आणि दिवेलागणीला. थंडी गेली, संत्र्याचा बहार उतरला, होळी झाली. शकुबाई काड्या करी. रामाजी दर महिन्याला औषध आणायला सौंसरला जाई आणि कोणी विचारलं तर सरळ सांगे, "पोरीच्या कानाचं हाय." गुरुजी हिंदीत काठावर पास झाले, पण वर्गात मराठीतच बोलू लागले. उन्हाळ्यात डॉक्टरांनी आरसा लावून पाहिलं तेव्हा उजव्या कानाचं भोक भरत आलं होतं. डावा तसाच राहिला.

जुलैत मोठ्या शाळेत नाव घालायला मायलेकी गेल्या. फॉर्मात कानांबद्दल जे खरं होतं ते गुरुजींनी लिहून दिलं होतं. मोठ्या बाईंनी फॉर्म वाचला, गुणवंताकडे पाहिलं आणि मनकर्णालाच विचारलं, "हिला शिकवलेलं ऐकू येईल का? वर्गात चाळीस मुली आहेत. आमच्याकडे अशी सोय नाही."

मनकर्णा उत्तर द्यायला पुढे झाली. पण गुणवंतानं तिच्या हाताला धरून तिला मागे केलं आणि स्वतः टेबलाजवळ गेली.

"बाई, मले डाव्या कानानं आयकू येत नाही," ती स्वच्छ आवाजात म्हणाली. "उजव्यानं येते. मले डावीकडच्या भिंतीजवळ, पहिल्या बाकावर बसू द्या. अन् फळ्याकडे तोंड करून बोलू नका, आमच्याकडे पाहून बोला. मंग मले दुसरं काही नाही लागत."

मोठ्या बाईंनी फॉर्म पुढे ओढला आणि सही करताना मान वर करून, तोंड तिच्याकडे ठेवून विचारलं, "तुझं पूर्ण नाव सांग."

"गुणवंता रामाजी," ती म्हणाली. "आंबेझरीची."